रोवणीची मोकळीक

ताटातला भात निवून गेला तरी हिरालालचा हात काही तोंडाकडे जाईना. प्रेमिलेने एकदा विचारले, वरण वाढू का, दुसऱ्यांदा विचारले, मग विचारणे सोडून ती त्याच्या कपाळाकडे बघत राहिली. कचेरीतले काही घरी आणायचे नाही, असा त्याचा नेम. पण नवऱ्याच्या जेवणावरून कचेरीत काय चालले आहे हे ओळखायला बायकोला कोणी शिकवावे लागते का? तुमच्याआमच्या किती घरांत ही परीक्षा रोज दोन वेळा होते!

“साहेब रागावले?”

“साहेब खुशीत आहेत.”

“मग झालं तरी काय?”

“ईश्वरदासची पेन्शन नामंजूर होऊन आली.”

प्रेमिलेच्या हातातली पळी तशीच राहिली. ईश्वरदास म्हणजे मोहटोल्याच्या बांधावरचा मेट, गँगच्या माणसांचा म्होरक्या. सरकारी तलावाची पाळ, पाण्याची दारे, पाट, सगळे त्याच्या नजरेखाली. पाळीला कुठे झिरपा लागला की ईश्वरदास तिथे आधी आणि साहेब मागून. दिवाळीनंतर तो निवृत्त व्हायचा होता.

“कारण काय दिलंय?”

“हा माणूस गेल्या श्रावणात नोकरीला लागला, असं वरून लिहून आलंय. नवीन माणूस आहे, नवीन माणसाला पेन्शन कुठली?”

“नवीन? अहो, या पाळीवर त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या!”

“मिशा पेन्शनीला चालत नाहीत,” हिरालाल म्हणाला. पण आपल्याच बोलण्यावर त्याला हसू आले नाही.

गोष्ट अशी होती. बांधावरच्या प्रत्येक गँगवाल्याकडे धानाचा एखादा तुकडा होता, स्वतःचा नाहीतर ठेक्याचा. आषाढात धानाच्या रोपांचे पऱ्हे हातभर झाले, बांध्यांत म्हणजे धानाच्या वाफ्यांत पाणी साचले, की घरातल्या एकूण एक हाताला रोवणीचे, ती रोपे चिखलात लावायचे काम. म्हणून फार वर्षांपासून एक रीत पडलेली. आषाढ लागला की माणसे बंगल्यावर जात, हात जोडून उभी राहत, आणि साहेब त्यांना रोवणीपुरते जाऊ देत. श्रावणात सगळे आपापल्या कामावर परत. “साहेबानं मोकरा केला,” असे माणसे कौतुकाने सांगत. या भागातल्या जिभेवर ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘र’ होतो. मोकरा म्हणजे काय, तर जा बापा, तुझे धान रोव आणि ये. एवढा दयाळू साहेब दुसऱ्या कोणत्या तलावावर नाही, असा गँगचा अभिमान! रोवणी आटोपली की साहेबाच्या घरी कोणी मासळी पोचवी, कोणी रानातली करटुली.

कचेरीच्या कागदावरही तोच शब्द पडत असे. मोकळा केला. कागदाच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ, नोकरीतून काढला. आणि श्रावणात पुन्हा त्याच नावापुढे, नवीन घेतला. बोलण्यातला मोकरा आणि कागदावरचा मोकळा यांची इतकी वर्षे कधी समोरासमोर भेटच झाली नव्हती. पुढे आपला मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, जुन्या नोकरांच्या नोकऱ्या नव्याने मोजायला घेतल्या, आणि ती भेट झाली.

“कागदावर हे लिहीत कोण होतं?” प्रेमिलेने विचारले.

“माझ्याआधीचे हजेरीबाबू. आणि मी आल्यापासून मी.”

त्याने ताटाला हात जोडले आणि तो उठला.

प्रेमिला नागपूरच्या कॉलेजात शिकलेली. लग्न होऊन ती या क्वार्टरात आली, आणि छोटी झाल्यापासून तिची झोप सशासारखी झाली होती. दूध उतू जाईल, छोटी गिळू नये ते गिळेल, कौलातून विंचू पडेल. एक काळजी मिटली की दुसरी पुढे हजर. तलावाचे पाणी ती दोनदा उकळी आणि तरी पेल्यात डोकावून बघे. या साऱ्या काळज्यांच्या बुडाशी एकच काळजी होती. हिरालालची नोकरी अजून टेंपररी होती. यंदा नाव वर पाठवतो, कायम करून घेतो, असे साहेबांनी आपणहून सांगितले होते. तेव्हा ईश्वरदासचे ऐकून तिला वाईट वाटले हे खरे, पण खोटे कशाला बोला, त्या वाईट वाटण्याच्या आधीच तिच्या तोंडून निघून गेले, “तुम्ही या भानगडीत पडू नका हं!”

रविवारी गोंदियाहून छोटेलाल आला. हा ईश्वरदासच्या बायकोचा, धुरपताबाईचा धाकटा भाऊ. रेल्वेत होता आणि तिथल्या युनियनचा खटपट्या माणूस होता. सायकल चिखलात रुतली म्हणून शेवटचा रस्ता त्याने ती खांद्यावर मारून आणली. तलावाच्या गेटवरच्या चौकीच्या ओसरीत गँग जमली. ओसरी क्वार्टराला लागूनच, त्यामुळे स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्रेमिलेला सगळे ऐकू येत होते. हिरालाल तिथे नाही ना, हे तिने आधी बघून घेतले. तो होता. खांबाला टेकून, मागे, पण होता.

“देखो भाई,” छोटेलाल सांगत होता, “पेन्शन म्हनजे कोनाची बक्षिसी नोहे. तुमच्या जवानीतली मेहनत सरकारनं वापरली आनि म्हटलं, याचा एक हिस्सा आमच्यापाशी राहू दे, बुढाप्यात देऊ. आता बुढापा दारात आला, तं म्हनते, तू कोन? तू तं काल आला! हा कोनता न्याय?”

“न्याय तुह्या रेल्वेत ठेव, छोटेलाल,” बकाराम म्हणाला. बकाराम गँगमधला सर्वांत तोंडाळ आणि कामालाही सर्वांत वाघ. “तुह्या इंजिनाले रोवनी लागत नाई. साहेब आमाले मोकरा करते, म्हनून धान होते. नाई केला तं माहे पोट्टे काय तुहा लाल झेंडा उकडून खातीन?”

ओसरीत हशा पिकला. छोटेलालही हसला. हसण्यावरून माणूस ओळखावा, तो चिडला नाही हे प्रेमिलेने टिपून ठेवले.

“झेंडा नोको खाऊ, बकाराम. पन ध्यान देऊन आइक. ज्या मोकऱ्यानं तुह्या घरी आज धान येते, तोच मोकरा ईश्वरदासभाऊच्या पुढचं ताट उचलून नेऊन रायला. उद्या तुह्या पुढचं नेईन. तवा तुह्यात औत धरायचा जोर राहीन काय?”

यावर कोणी हसले नाही. ईश्वरदास इतका वेळ पायरीवर बसून पावलाचा चिखल काडीने खरवडत होता. तो मान वर न करता म्हणाला,

“मले वाटे, साहेब दया करते. दर सालले हात जोडून जाओ मी बंगल्यावर. साऱ्याइच्या पुढं मीच जाओ. म्हनजे माह्याच तोंडानं मी माही नोकरी तोडून मांगत होतो! तुमची बी!”

त्या आवाजाने प्रेमिला खिडकीतून मागे सरकली.

ठरले ते साधेच होते. रोवणीचे दिवस बिनपगारी रजा म्हणून लिहावेत, नोकरीत खंड धरू नये, आणि मागे मोकळे केल्याचे सगळे दिवसही रजाच समजावेत. बांधकामगारांची संघटना म्हणून सर्वांनी मिळून तसा अर्ज केला. अर्ज घेऊन ईश्वरदासबरोबर सगळी गँग गेली.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला खरेच वाईट वाटले. “अरे, तुमच्या बापांच्या वेळेपासूनची ही चांगली रीत! मी तुमचं भलं करतो, आणि तुम्ही अर्ज घेऊन येता? रजा देणं माझ्या हातात नाही. वर विचारावं लागेल, आणि वरचं उत्तर येईतो तुमची रोवणी उलटेल. मोकळं करणं माझ्या हातात आहे. ज्याला जायचं त्यानं जावं.”

“मंग यंदा कोनीच जात नाई, साहेब,” ईश्वरदास म्हणाला, आणि पहिल्यांदाच हात न जोडता परतला.

कोणीच जात नाही म्हणणे सोपे, पण बांध्या कोण बघणार? यावर घराघरांत चुली पेटायच्या आधी भांडणे पेटली. रोवणी बायकांचीच, पण चिखल करायचा तो बैलांमागे राहून पुरुषांनी, पऱ्हे उपटून पेंड्या वाहून आणायच्या त्याही पुरुषांनी. औतामागे बाई उभी राहिली तर गाव काय म्हणेल?

“गाव काय म्हनीन ते मी आइकून घेतो,” धुरपताबाई इकडच्या बायकांच्या पुरुषी बोलीत म्हणाली, “पऱ्हे मातर कोनाचं आइकून घेत नाई. ते पिवरे पडते.” आणि तिने पदर कमरेला आवळून बैल सोडले. तिच्यामागे बकारामची बायको शामकला गेली, तिच्यामागे बाकीच्या. पुरुष कामाला जायच्या आधी आणि कामावरून आल्यावर बांधीत उतरत. दिवसभर औत बायकांकडे. तीन-चार दिवसांत जवळच्या गोरेगावच्या बाजारात या बायकांवर विनोद सुरू झाले. धुरपताबाईला पानवाल्याने विचारले, “काय वो मावशे, बुढा घरी रोट्या लाटते काय?” तर ती म्हणाली, “लाटते ना! येजो खायाले.”

पाळीवर मात्र रोज सगळे हजर.

आणि मग साहेब घाबरला. यंदा एकही माणूस मोकळा का केला नाही, असे वरून कोणी विचारले तर मागच्या सगळ्या आषाढांची चौकशी निघायची. त्याने हिरालालला बोलावून दार लोटून घेतले.

संध्याकाळी हिरालाल घरी आला तेव्हा त्याचा चेहरा बघून प्रेमिलेने छोटीला खाली ठेवले.

“सगळ्या गँगच्या नावापुढे मोकळा लिहायला सांगितलंय. उद्या. नेहमीप्रमाणे. श्रावणात पुन्हा नवीन घेतला म्हणून लिहायचं.”

“पण ते तर कामावर आहेत!”

“हो.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर माझं नाव वर जाणार नाही. आणि टेंपररी माणसाला काढायला कारण लागत नाही.”

छोटी जमिनीवर बसून वाटी आपटत होती. तिच्याकडे बघत प्रेमिला म्हणाली, “लिहून टाका.”

“हजर माणसाला गैरहजर लिहू?”

“तुम्ही लिहा नाहीतर दुसरा कोणी लिहील. आपल्याला पोरगी आहे. हे क्वार्टर गेलं तर कुठे घेऊन जाऊ मी हिला? तुमच्या एका लिहिण्यानं का त्यांचं अडतंय?”

हिरालालने छोटीच्या हातातली वाटी काढून घेतली. आपण जिंकलो असे प्रेमिलेला वाटायला हवे होते. पण तसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हिरालाल कचेरीत गेल्यावर, धुरपताबाई रोजच्यासारखी छोटीला मालीश करायला आली. आदल्या दिवशी ती आली नव्हती. पायांवर पोटरीपर्यंत चिखल वाळलेला. तो धुऊन, हात चुलीवर शेकून ती भिंतीला टेकून बसली आणि छोटीला तिने पायांवर आडवे घेतले. प्रेमिलेला तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचे म्हणून ती म्हणाली, “काल आला नाहीत, मावशी?”

“काल बांधीत होतो. काऊन वो बाई? एक दिवस नाई आलो तं दुसरी बाई ठेवली काय? का आता मी बी नवीनच झालो?”

ती मोठ्याने हसली. तेलाचा हात छोटीच्या पाठीवरून फिरवता फिरवता बोलत राहिली, “मले तं हासूच येते, पाहा. मी दर सालले तीजेले माहेरी जातो. वापस येतो. तं आमच्या बुढ्यानं मले कधी नवी नवरी म्हनून घरात घेतलं नाई! पुन्यांदा हरद लावली नाई, बाशिंग बांधलं नाई. आनि माहेरी जाऊन आलो म्हनून जर मी नवी, तं मंग लेकरं कोनाची म्हनावं? आधीच्या बाईची?”

प्रेमिलेला हसू फुटले. खरेच फुटले, तिला आवरता येईना. धुरपताबाईही हसत होती. आणि हसता हसताच प्रेमिलेला आपलीच लाज वाटली. तिचे कॉलेज, तिचे शिक्षण. कागदावर मोकळा लिहिले की नोकरी तुटते, हे तिने ऐकले आणि मान्य करून टाकले! हे उघडउघड खोटे आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. फक्त ते आपल्याला ठाऊक नाही असे ती वागत आली होती.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “तुम्हाला आमच्या यांचा राग येत नाही?”

“बाबूचा? काऊन? बाबूले बायको हाय, लेकरू हाय. भेव कोनाले नाई? आमच्या बुढ्याले नाई काय? रातभर कूस पालटते.” धुरपताबाईने छोटीला उलटे करून तिची टाळू चेपली. “मी सांगू काय बाई? एकट्याचं भेव मोठं होते. घरातल्या घरात फुगते ते. चार जनाइनं मिरून भेलं तं त्याची तेवढी हिंमत राहत नाई. छोटेलाल याले युनियन म्हनते. मी म्हनतो, सोबत.”

“पण त्यांना काढून टाकलं तर?”

“आजवर आमाले मोकरा लिहत आली, तीच लेखनी उद्या बाबूच्या नावावर जाईन, तवा बाबूच्या संगं कोन उभं राहीन? आमी राहू. पन आमीच मोकरे झालो, तं कोन उरलं?”

प्रेमिला ताडकन उठली. छोटीच्या अंगावर तेल तसेच, आंघोळ व्हायची बाकी. वाऱ्याची झुळूक लागली तर सर्दी होईल म्हणून एरवी खिडकी लावून घेणाऱ्या त्या आईने पोरीला टॉवेलात गुंडाळले आणि ती पाळीच्या रस्त्याने कचेरीकडे निघाली. निघाली कसली, धावलीच! वाटेत एकच विचार. त्यांनी लिहून टाकले असेल. माझ्या सांगण्यावरून लिहून टाकले असेल!

कचेरीचा उंबरा तिने आजवर ओलांडला नव्हता. आत साहेब उभा होता. हिरालाल टेबलाशी बसला होता, टाक दौतीत बुडवलेला, कागद समोर. कागद अजून कोरा होता.

“अहो, थांबा,” ती दारातूनच म्हणाली. “मी काल सांगितलं ते चुकीचं होतं.”

“वहिनी, ही कचेरी आहे,” साहेब चकित होऊन म्हणाला.

“म्हणूनच आले. साहेब, एक विचारू? तुमच्या घरच्या बाई उन्हाळ्यात माहेरी गेल्या होत्या ना?”

“हो, मग?”

“परत आल्या तेव्हा तुम्ही त्यांना नवीन बायको म्हणून घरात घेतलं का?”

दाराबाहेर शिपाई बारीक आवाजात खोकला. खोकला होता की हसू होते, देव जाणे.

“माणूस धान रोवायला गेला आणि परत आला. तो नवीन कसा झाला? आणि यंदा तर गेलाही नाही, साहेब! ते बघा, पाळीवर उभे आहेत सगळे. उभ्या माणसाला ‘तू नाहीस’ म्हणायचं, आणि ते माझ्या नवऱ्याच्या हातानं?”

हिरालालने टाक बाजूला ठेवला. तो उठून उभा राहिला.

“हजर असलेल्याला मी मोकळा लिहिणार नाही, साहेब. आपल्याला लिहायचं असेल तर आपण लिहा, आणि खाली सही आपली करा.”

“हिरालाल, तुमचं कायम व्हायचं आहे. विचार करा.”

“केला.”

तो बाहेर पाळीवर गेला. आणि रोजच्यासारखी, पण रोजच्यापेक्षा मोठ्या आवाजात त्याने हजेरी पुकारायला घेतली. ईश्वरदास! “हजर!” बकाराम! “हजर, हजर!” एकेक आवाज तलावाच्या पाण्यावरून पलीकडे जात होता. बांध्यांतल्या बायका कंबरा सरळ करून, चिखलाचे हात कपाळाशी धरून इकडे बघू लागल्या. साहेब कचेरीच्या दारात उभा होता. त्याला ते आवाज ऐकू येत होते, आणि ऐकू येत नाहीत असे त्याला आता लिहिता येणार नव्हते. तो आत गेला. टाक त्यानेही उचलला नाही.

त्याच दुपारी प्रेमिला छोटीला एका म्हातारीच्या मांडीवर ठेवून शेताच्या धुऱ्यावरून खाली बांधीत रोवणीला उतरली. तिची रोपे वाकडी लागली. शामकला म्हणाली, “बाई, हे धान हाय, कॉलेजातली रांगोळी नोहे,” आणि पुन्हा काढून लावायला लावले. म्हातारीच्या मांडीवर छोटी रडते का, याकडे तिचा एक कान सारखा होता. पण ती संध्याकाळपर्यंत बांधीतून हलली नाही.

वाचकहो, पुढे सगळे गोड झाले असे सांगता आले असते तर किती बरे! हिरालालचे नाव त्या वर्षी वर गेले नाही. त्याला काढूनही टाकले नाही. सगळी गँग त्याच्या बाजूने सही-अंगठ्यानिशी उभी आहे म्हटल्यावर तेवढी हिंमत कोणाची झाली नाही. संघटनेचा अर्ज मुंबईपर्यंत गेला. हिवाळ्यात एक मोठे अधिकारी चौकशीला आले, त्यांनी गँगला विचारले, बायकांनाही विचारले, आणि त्यांच्यापुढे धुरपताबाईने माहेरची गोष्ट सांगून आपले लग्न पुन्हा एकदा लावून दाखवले. ते हसले नाहीत. त्यांनी लिहून घेतले. निकाल आला तो असा, की जे आज नोकरीत आहेत त्यांचे रोवणीचे दिवस यापुढे रजेत धरावेत आणि मागचेही खंड मानू नयेत. जे निवृत्त झाले त्यांचा विचार वेगळा होईल.

ईश्वरदास दिवाळीनंतरच निवृत्त झाला होता.

पुढल्या आषाढात बकाराम क्वार्टराच्या दारात आला. त्याच्या हातात साहेबाची सही झालेला कागद होता. वाचता येत नव्हते म्हणून त्याने तो प्रेमिलेपुढे धरला. ओसरीच्या पायरीवर ईश्वरदास बसला होता. नोकरी सरली तरी सकाळी पाळ बघून यायची त्याची सवय सुटली नव्हती.

“रोवणीकरिता बिनपगारी रजा मंजूर,” प्रेमिलेने वाचले.

“पुन्यांदा वाचा, बाई.”

तिने पुन्हा वाचले. बकारामने ईश्वरदासकडे पाहिले आणि त्याची मान खाली गेली. एवढा तोंडाळ माणूस, पण “ईश्वरदासभाऊ, तुमचं...” एवढेच तो म्हणाला.

“माहं चालू हाय,” ईश्वरदास म्हणाला. “छोटेलाल लढून रायला, बाबू लिहून रायला. भेटलं तं भेटलं. पन तू आता जाय. पऱ्हे वाट पाहत नाई.”

प्रेमिला आत गेली आणि ईश्वरदासचा पुढचा अर्ज लिहायला बसली. छोटी तिच्या पाठीला लोंबकळत होती. हिरालालची नोकरी अजून टेंपररीच होती, आणि प्रेमिलेची काळजी काही गेली नव्हती. आईची काळजी जातेच कुठे? पण ज्या हाताने तिने एकदा ‘लिहून टाका’ म्हणत सारे झटकून टाकले होते, तो हात आता मागे राहत नव्हता.

नागरिक बंधुभगिनींनो, पेन्शन ही कोणाची मेहेरबानी नाही. कष्ट करणाऱ्याने आयुष्यभर आपल्याच घामातून मागे ठेवलेला तो त्याचा वाटा आहे. तो दया म्हणून मागायची सवय लागली, की घेणारा हात जोडता जोडता आपला हक्क सोडून येतो, आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून आपल्याला काही सवलत मिळाली तर आनंदाने घ्यावी, पण आधी विचारावे, ही कोणत्या नावाने मिळते आहे? एकट्याला उत्तर देत नसतील तर चौघांनी मिळून विचारावे. आणि त्या चौघांत आपल्या घरचे माणूस उभे राहिले, तर त्याला मागे ओढू नये. ईश्वरदासचा निकाल अजून यायचा आहे. तो येईपर्यंत मोहटोल्याच्या पाळीवरचे कोणीही स्वस्थ बसणार नाही, आणि तुम्हीआम्हीही बसू नये!